कॅल्शियम वाढलंय, गळ्यात पॅराथायरॉइडची गाठ आहे: म्हाताऱ्या भुभूचं ऑपरेशन करावं का?

ओलीमाती
नमस्कार मंडळी. आमची चिंगी ११ वर्षांची लॅब्रेडॉर. दात साफ करायचे होते, म्हणून भूल द्यायच्या आधी रक्त तपासलं आणि कॅल्शियम १३.१ निघालं. त्या लॅबची वरची मर्यादा ११.५ आहे. डॉक्टरांनी उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतलं, तरी आकडा तसाच. मग आयोनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं, काम करणारं) करून घेतलं, तेही जास्त. फॉस्फरस खालच्या टोकाला, किडनीचे आकडे चांगले. गळ्याच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला ७ मिमीची गोल गाठ दिसली. डॉक्टर म्हणतात, पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ आहे, काढून टाकू.

चिंगीकडे बघून ती आजारी आहे असं कुणी म्हणणार नाही. खाते, खेळते, दारावरची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी पोचते. पाणी मात्र गेले काही महिने जास्त पिते आणि रात्री बाहेर जायला उठवते. शिवाय पीटीएचचा, म्हणजे याच ग्रंथीच्या हार्मोनचा, रिपोर्ट 'नॉर्मल' आलाय. हार्मोन नॉर्मल, कुत्री ठणठणीत, आणि तरी या वयात गळा उघडायचा? औषधावर भागणार नाही का? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. घरात सगळे फार घाबरलेत.

तांबूस
ताई, धीर धरा. लवकर सापडलंय हे चांगलं झालं. आमच्या ढब्बूला हाच आजार होता, पण तो कळला लघवी तुंबल्यावर. सविस्तर रात्री लिहिते.

रिकामाकट्टा
माझं मत स्पष्ट सांगतो, राग मानू नका. ११ वर्षांच्या लॅबला भूल देणं म्हणजे मोठी जोखीम. कॅल्शियम जास्त आहे ना, मग खाण्यातून कॅल्शियम कमी करा. दूध, दही, हाडं बंद. खाणारी-खेळणारी कुत्री टेबलावर झोपवू नका.

स्टेथो
मी पशुवैद्य आहे, चिंगीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजून वाचा.

आधी 'नॉर्मल' पीटीएचबद्दल, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. कुत्र्याला चार पॅराथायरॉइड असतात, थायरॉइडच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकेक फक्त २ ते ४ मिमीची. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या पीटीएच सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम सुटतं, किडनी ते लघवीत जाऊ देत नाही आणि फॉस्फरस मात्र बाहेर टाकते. कॅल्शियम वाढलं की या ग्रंथींनी गप्प बसायचं असतं. कॅल्शियम १३ असताना पीटीएच जवळपास शून्याला टेकायला हवं. ते मधोमध किंवा वरच्या टोकाला असेल, तर कुठली तरी ग्रंथी कुणाचंच ऐकत नाहीये. म्हणजे चिंगीच्या बाबतीत तो आकडा नॉर्मल नाही. या आजाराच्या पुष्कळ कुत्र्यांत पीटीएच असंच मर्यादेच्या आत सापडतं. कमी फॉस्फरस, चांगली किडनी आणि ४ मिमीहून मोठी एकच गाठ, हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

तरी दोन गोष्टी विचारून घ्या. गुदद्वारातून बोट घालून तिथल्या ग्रंथी तपासल्या का? आणि लसिका गाठी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली का? कुत्र्यात कॅल्शियम वाढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पॅराथायरॉइड नाही, कॅन्सर आहे. त्यातही लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) पहिला आणि गुदग्रंथींचा कॅन्सर त्याच्या मागोमाग. त्या आजारांत पीटीएच दबलेलं असतं, त्यामुळे चिंगीला ते असण्याची शक्यता कमी. पण बोटाने तपासायला मिनिटभरही लागत नाही आणि ते राहून गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

रिकामाकट्टा, दूध-दही बंद करून हे कॅल्शियम उतरत नाही. ते तिच्या हाडांतून येतंय.

ओलीमाती
डॉक्टर, फार आभार. पीटीएचचं आत्ता डोक्यात शिरलं. एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली, दोन्ही स्वच्छ. बोटाने तपासल्याचं आठवत नाही, उद्याच विचारते.

कानोसा
माझ्या बहिणीच्या कुत्र्याचं कॅल्शियम असंच वाढलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि ते झपाट्याने खाली आलं. ऑपरेशनच्या आधी हे करून बघायला काय हरकत आहे?

स्टेथो
हरकत मोठी आहे. स्टिरॉइडने झपाट्याने उतरणारं कॅल्शियम बहुतेकदा लिम्फोमाचं किंवा ॲडिसनच्या आजाराचं (ॲड्रिनल ग्रंथी मंदावते तो) असतं. पॅराथायरॉइडच्या गाठीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आणि खरंच लिम्फोमा असेल तर निदानाआधी दिलेल्या स्टिरॉइडने पेशी तात्पुरत्या विरघळतात. नंतर गाठीतून सुईने नमुना घेतला तरी काही सापडत नाही, आणि पुढे केमोथेरपीलाही तो रोग दाद देईनासा होतो. म्हणून कारण कळेपर्यंत स्टिरॉइड नाही. कॅल्शियम इतकं वाढलं की कुत्रा उलट्या करतोय, लोळागोळा झालाय, तर आधी सलाइन, मग गरज पडली तर फ्युरोसेमाइड, पामिड्रोनेटसारखी कॅल्शियम उतरवणारी औषधं. तुमच्या बहिणीच्या कुत्र्याचं पुढे निदान काय झालं?

कानोसा
लिम्फोमाच निघाला. तो आता नाही. तुमचं वाचून आज बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

तांबूस
कानोसा, वाईट वाटलं.

आता ढब्बूचं सांगते. तो मिश्र जातीचा, ९ वर्षांचा होता. लघवीला सारखा जायचा, थेंब-थेंब व्हायची, मध्ये रक्तही दिसलं. जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक चालू होतं, बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. एके दिवशी पूर्ण तुंबली. ऑपरेशन करून खडे काढले आणि तपासायला पाठवले, ते निघाले कॅल्शियम ऑक्झलेटचे. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियम बघितलं आणि खरा आजार सापडला. रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढलं की किडनीलाही ते सगळं अडवता येत नाही, लघवीतून जातं, मग खडे होणारच. म्हणजे गळ्यातल्या गाठीपायी आधी मूत्राशयाचं ऑपरेशन झालं, नंतर गळ्याचं. ताई, 'काही होत नाहीये तर थांबू' म्हणणाऱ्यांना हे नक्की सांगा.

गळ्याचं ऑपरेशन त्या मानाने किती सोपं गेलं म्हणून सांगू. छोटीशी चीर, दुसऱ्या दिवशी उठून वाटीकडे गेला. खरी काळजी त्यानंतरच्या आठवड्यात असते. तिकडे कुणी दुर्लक्ष करू नये म्हणून हे मोठं लिहितेय. गाठ इतके दिवस भरमसाट हार्मोन सोडत असते, त्यामुळे उरलेल्या तीन ग्रंथी आकसून झोपी गेलेल्या असतात. गाठ निघाली की काम करायला कुणीच नसतं आणि कॅल्शियम घसरत जातं. ढब्बू घरी आल्यावर सतरंजीवर तोंड घासायला लागला. आम्हाला वाटलं टाके खाजतायत, पण टाके गळ्याला होते आणि तो घासत होता गाल. मग पंजे चावायला लागला, कान फडफडवायचा, हात लावला तर दचकायचा. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, असाल तसे निघा. कॅल्शियम ६.६ वर आलं होतं. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, एक जण सतत ईसीजीकडे बघत बसलेला होता. तासाभरात आमचा ढब्बू परत.

स्टेथो
तांबूसताईंनी लिहिलंय ते प्रत्येक घरच्या माणसाने पाठ करावं असं आहे. तोंड घासणं, पंजे चावणं, कारण नसताना धापा टाकणं, पाय ताठ करून चालणं, अंगावर बारीक थरथर. झटका यायच्या आधीच्या या खुणा. कॅल्शियम साधारण दुसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातं, आणि पुष्कळ लोक नेमके तेव्हा 'आता बरा झाला' म्हणून निर्धास्त झालेले असतात. या काळात पळापळ आणि पाहुणे टाळा. कॅल्शियम काठावर असलं की उत्तेजनाने झटका ओढवतो.

एक कळकळीची सूचना. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन शिरेतून, १० ते ३० मिनिटं लावून, हृदयाचे ठोके बघत द्यायचं असतं. ठोके मंदावले की थांबवायचं. घाईत कातडीखाली दिलं तर तिथली कातडी सडू शकते. तशी जखम मी पाहिली आहे आणि ती भरायला मूळ आजाराहून जास्त काळ लागला.

नळीवाला
मी प्राण्यांच्या लॅबमध्ये काम करतो. थोडं आमच्या बाजूचं सांगतो, कारण आकडा चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. त्या नळीतलं रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतलं गेलं तर कॅल्शियम अगदीच तळाला आणि पोटॅशियम आभाळाला असा रिपोर्ट येतो. असा रिपोर्ट बघून कुणी कुत्र्याला कॅल्शियम टोचू नये, आधी रक्त पुन्हा घ्यावं. दुसरं, एकूण कॅल्शियमचा बराच भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा उगाच कमी दिसतो. काम करणारं कॅल्शियम म्हणजे आयोनाइज्ड, आणि ते मोजताना रक्ताला हवा लागू द्यायची नसते. हवा लागली की आकडा बदलतो. पीटीएचचा नमुना तर गारच राहायला हवा, उन्हात पडलेल्या डब्यातून आला तर हार्मोन मोडून जातं आणि खोटं कमी दिसतं. आयोनाइज्ड कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तातून करा, तरच दोघांची तुलना करता येते.

ओलीमाती
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आमचे दोन्ही एकाच दिवशीचे आहेत, बरं झालं. आणि बोटाने तपासणी आज झाली, गुदग्रंथी व्यवस्थित आहेत. चिंगीला अपमान वाटला, गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली.

बकुळफुले
माझा थोडा उलट्या टोकाचा अनुभव, पण ग्रंथी तीच. आमचा टॉय पूडल, बंटी. त्याला झटके यायचे. एपिलेप्सी म्हणून फेनोबार्बिटॉन सुरू झालं, डोस वाढत गेला, झटके काही थांबेनात. झटका आला तरी तो पूर्ण बेशुद्ध व्हायचा नाही, आमच्याकडे बघत राहायचा. ते बघणं अजून डोळ्यांसमोर आहे. मध्ये कुठे तरी नवीन डॉक्टर भेटल्या, त्यांनी पहिल्या भेटीत कॅल्शियम बघितलं: ५.२. फॉस्फरस वाढलेलं, किडनी उत्तम, पीटीएच जवळजवळ नाहीच. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथी नष्ट केल्या होत्या. त्या गोळ्यांनी हे कधीच थांबणार नव्हतं.

आता रोज कॅल्सिट्रायॉल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप), जन्मभर. सुरुवातीला सोबत कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, त्या हळूहळू बंद झाल्या कारण खाण्यातलं पुरतं. झटके पूर्ण थांबले. झटके येणारा कुत्रा कुणाकडे असेल तर कृपा करून कॅल्शियम बघितलंय का एवढं विचारा.

रानवाट
बकुळफुले, आमच्याकडे श्नाउझर आहे आणि हेच निदान. तुमच्या डॉक्टर कॅल्शियम किती ठेवायला सांगतात? आम्हाला एक जण सांगतात पूर्ण नॉर्मल करा, दुसरे म्हणतात जरा कमीच ठेवा.

बकुळफुले
८ ते ९.५ च्या मध्ये. त्यांनी समजावलं ते असं: पीटीएच नसल्यामुळे किडनी कॅल्शियम अडवून ठेवू शकत नाही. रक्तात पूर्ण नॉर्मल केलं तर लघवीतून भरपूर वाहतं आणि खडे किंवा किडनीला इजा होऊ शकते. झटके येणार नाहीत इतकं पुरे.

स्टेथो
अगदी बरोबर, रानवाट, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका.

आणि कॅल्सिट्रायॉलच का, हेही सांगतो. साधं ड जीवनसत्त्व शरीरात दोन टप्प्यांत बदलून कामाचं होतं, आणि दुसरा टप्पा किडनीत पीटीएचच्या हुकमानेच चालतो. पीटीएच नसेल तर तिथे अडतं. मग ते प्रचंड मात्रेत द्यावं लागतं, चरबीत साठतं, आणि जास्त झालं तर कित्येक आठवडे उतरत नाही. कॅल्सिट्रायॉल तयार रूपात असतं, दोन-तीन दिवसांत काम दाखवतं आणि थांबवलं की काही दिवसांत असर जातो. घरात माणसांसाठी आणलेलं ड जीवनसत्त्व त्याच्याऐवजी देऊ नका. आणि एक: सोरायसिसच्या काही मलमांत ड जीवनसत्त्वाचा जबरदस्त प्रकार असतो. कुत्र्याने ती ट्यूब चावली तर थेट दवाखाना गाठा, लक्षणांची वाट बघू नका.

पिल्लूपालक
थोडं अवांतर, पण ग्रंथींचंच आहे. आमचं जर्मन शेफर्ड पिल्लू चार महिन्यांचं. त्याला चांगलं वाढावं म्हणून नुसतं बिनहाडाचं मांस चालू होतं, भरपूर. आता लंगडतो, उचललं की रडतो, एक्स-रेमध्ये हाडं पुसट दिसतायत. डॉक्टर म्हणाले पॅराथायरॉइडचा परिणाम आहे. पण रक्तात कॅल्शियम तर नॉर्मल आलं! मग ग्रंथी बिघडली कशी?

स्टेथो
ग्रंथी बिघडलेली नाही, ती तिचं काम जीव तोडून करतेय. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या दहा ते वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला दोन्ही साधारण बरोबरीने, किंवा कॅल्शियम थोडं जास्त लागतं. खाण्यातून मिळत नाही म्हणून ग्रंथी हाडांतून ओढून रक्तातला आकडा सांभाळते. रक्त नॉर्मल, हाडं रिकामी.

उपाय साधा आहे. आजपासून वाढत्या पिल्लांसाठीचा पूर्ण संतुलित आहार, आणि काही आठवडे सक्त विश्रांती: उड्या नाहीत, जिने नाहीत, मऊ अंथरूण, उचलताना पोटाखाली आणि छातीखाली दोन्ही हात. हाडं लवकर भरतात. पाय किंवा कणा वाकडा झाला नसेल तर पिल्लू पूर्ण बरं होतं. संतुलित आहारावर वरून कॅल्शियमचा मारा मात्र करू नका, मोठ्या जातींच्या पिल्लांत त्याने उलट सांधे बिघडतात.

रिकामाकट्टा
पण लांडगे मांसच खातात की. त्यांची हाडं मोडत नाहीत.

रानवाट
लांडगा पूर्ण शिकार खातो, हाडं, आतडी, कातडी सगळं. सोललेलं बिनहाडाचं मांस त्याला कोण देणार?

रिकामाकट्टा
हे पटलं.

जुनीपानं
अवांतर चाललंच आहे तर माझंही घ्या. या ग्रंथींचा इतिहास कुत्र्यांशिवाय लिहिता येत नाही. १८७७ मध्ये उप्साला विद्यापीठात इव्हार सँडस्ट्रॉम नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी कुत्र्याच्या थायरॉइडपाशी काम करत असताना त्याला ही इवलीशी वेगळी ग्रंथी दिसली. मग त्याने ती मांजर, बैल, घोडा, ससा आणि शेवटी माणसात शोधली आणि १८८० मध्ये छापली. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९०९ मध्ये मॅकॲलम आणि व्होग्टलिन यांनी दाखवलं की ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांचे आचके कॅल्शियम दिल्यावर थांबतात. १९२५ मध्ये कॉलिपने ग्रंथींचा अर्क काढला आणि तशाच कुत्र्यांचं रक्तातलं कॅल्शियम त्याने परत वर आणलं. त्या मुक्या जीवांवर काय गुजरलं असेल ते वाचवत नाही. आज ढब्बूच्या शिरेत जे औषध गेलं ते तिथून आलंय, एवढं मात्र माहीत असावं.

तांबूस
जुनीपानं, हे वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

ओलीमाती
मंडळी, खूप शिकायला मिळतंय. पण मूळ प्रश्नाकडे परत येते. आमच्या डॉक्टरांनी आणखी एक पर्याय सांगितला. सोनोग्राफीत बघत गाठीत सुई घालून ती उष्णतेने जाळायची किंवा तिच्यात अल्कोहोल सोडायचं. गळा उघडायला नको. घरच्यांना हे एकदम आवडलंय.

स्टेथो
दोन्ही खऱ्या पद्धती आहेत, भोंदूपणा नाही. २००७ साली छापून आलेल्या एका तुलनेत शस्त्रक्रियेने सुमारे ९४ टक्के, उष्णतेने ९० टक्के आणि अल्कोहोलने ७२ टक्के कुत्रे बरे झाले. पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. भूल यातही लागते, फक्त कमी वेळ. अल्कोहोल गाठीबाहेर झिरपलं तर शेजारच्या स्वरयंत्राच्या नसेला इजा होते, आवाज बसतो, क्वचित श्वासाला त्रास होतो. आणि जळालेली गाठ तपासायला पाठवता येत नाही. बहुतेक गाठी साध्याच असतात, थोड्या कॅन्सरच्या निघतात. काढलेली गाठ हातात असली तर ते नक्की कळतं. शिवाय शस्त्रक्रियेत सर्जन बाकीच्या ग्रंथीही डोळ्यांनी बघतो, कारण काही कुत्र्यांत दोन ग्रंथी वाढलेल्या असतात.

उष्णतेची पद्धत रोज करणारा हात उपलब्ध असेल तर जरूर विचार करा. नसेल तर चांगल्या सर्जनकडे चीर देऊन काढलेली गाठ मला जास्त भरवशाची वाटते. आणि कुठलीही पद्धत घेतली तरी नंतर कॅल्शियम घसरण्याचा धोका तोच.

रिकामाकट्टा
मी सुरुवातीपासून विरोध करतोय त्याचं कारण सांगतो. आमचा सुलतान भुलीतून उठलाच नाही. वेगळ्याच आजाराचं ऑपरेशन होतं, तोही म्हातारा होता. भूल देण्याआधी हृदय तपासलं नव्हतं हे नंतर कळलं. तेव्हापासून कुणाच्याही म्हाताऱ्या कुत्र्याचं ऑपरेशन म्हटलं की पोटात गोळा येतो.

तांबूस
दादा, हे वाचून फार वाईट वाटलं. तुमची भीती अगदी खरी आहे.

स्टेथो
रिकामाकट्टा, तुमच्या बोलण्यातून ओलीमातीताईंनी एक काम करून घ्यावं: भुलीआधी हृदयाची नीट तपासणी, ईसीजी, आणि कॅल्शियम खूपच चढलेलं असेल तर आदल्या दिवसापासून सलाइन. वाढलेलं कॅल्शियम हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून ही तपासणी या आजारात दुप्पट महत्त्वाची. पण केवळ वयापायी थांबू नये. हा आजारच मुळी म्हाताऱ्या कुत्र्यांचा, निदानाचं सरासरी वय ११ च्या आसपास. म्हणजे यातून बरे होणारे बहुतेक चिंगीच्याच वयाचे असतात.

कानोसा
हा आजार आनुवंशिक आहे का? चिंगीची पिल्लं आहेत का ताई?

नळीवाला
कीसहाँड जातीत आहे, आई किंवा बापाकडून एक सदोष जनुक आलं तरी पुरतं. कॉर्नेल विद्यापीठात त्यासाठी जनुकचाचणी तयार झाली. लॅब्रेडॉरसाठी तशी चाचणी नाही.

ओलीमाती
चिंगीची पिल्लं नाहीत.

आम्ही ठरवलं, चीर देऊनच काढायची. हृदयाची तपासणी झाली, चांगली आहे. रिकामाकट्टादादा, ती मी तुमच्यामुळे आवर्जून करून घेतली. एक प्रश्न: ऑपरेशनच्या आधीच कॅल्सिट्रायॉल सुरू करावं का? आमचे डॉक्टर म्हणतात करू, सर्जन म्हणतात थांबू.

स्टेथो
यावर पशुवैद्यांत खरोखर दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, औषधाला असर दाखवायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा आधीच द्या. दुसरी म्हणते, उरलेल्या ग्रंथींना जागं करायला थोडी घसरण हवीच, आणि आधी देऊन घसरण थांबतेच असं नाही. कॅल्शियम १४ च्या वर किंवा खूप दिवसांपासून वाढलेलं असेल तर मी आधी सुरू करतो. चिंगीच्या १३ वर मी सर्जनच्या बाजूने जाईन, पण एका अटीवर: पहिले पाच-सहा दिवस तिला दवाखान्यात ठेवून रोज दोनदा कॅल्शियम बघायचं. ते शक्य नसेल तर आधी सुरू करा.

रिकामाकट्टा
ताई, झालं की पहिल्यांदा इथे लिहा. आम्ही वाट बघतोय.

ओलीमाती
झालं! चिंगी घरी आली. एकच ग्रंथी वाढलेली होती, बाकीच्या बारीक दिसल्या. रिपोर्टही आला, साधी गाठ, ॲडिनोमा, कॅन्सर नाही. दवाखान्यात असतानाच कॅल्शियम ७.४ पर्यंत घसरलं आणि तिने तोंड घासायला सुरुवात केली. तिथल्या मुलीला मी तांबूसताईंचा प्रतिसाद दाखवून ठेवला होता, तिनेच पहिल्यांदा ओळखलं. लगेच औषध सुरू झालं, झटका आला नाही. आता कॅल्सिट्रायॉल आणि कॅल्शियम कार्बोनेट चालू आहे, काल ८.८ होतं. पाणी पिणं निम्म्यावर आलंय. आमच्या घरात सगळे पहिल्यांदा रात्रभर झोपले.

तांबूस
वा वा वा! चिंगीला सांगा, दात साफ करायचे राहिलेत अजून.

रिकामाकट्टा
मनापासून आनंद झाला. तिच्या कानामागे माझ्याकडून खाजवा.

बकुळफुले
किती छान बातमी! गोळी कशात देता? बंटी सगळ्यातून गोळी वेगळी करून थुंकतो.

ओलीमाती
लॅब्रेडॉर आहे हो, गोळी बोटांसकट घेते.

डॉक्टर, शेवटचं विचारते. ही औषधं बंद कशी करायची? ८.८ म्हणजे अजून खालीच आहे ना, डोस वाढवायला हवा का?

स्टेथो
वाढवू नका, ८.८ मला हवं तिथेच आहे. पूर्ण नॉर्मल केलं तर उरलेल्या ग्रंथी झोपूनच राहतील. ८ ते ९.५ मध्ये ठेवलं की त्यांना कामाला लागावंच लागतं.

कमी करताना एका वेळी एकच औषध, एकच पायरी. प्रत्येक पायरीनंतर रक्त बघायचं, आकडा टिकला तरच पुढची. बहुतेक कुत्र्यांत हे तीन-चार महिन्यांत संपतं, काहींत जास्त. कॅल्सिट्रायॉलच्या माणसांच्या कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमच्या येतात आणि त्या कापता येत नाहीत, त्यामुळे चिंगीच्या वजनात डोस कमी करायचा तर दिवसाआड देण्याकडे जावं लागेल. ते डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. मध्येच तिने पुन्हा भरपूर पाणी प्यायला सुरुवात केली, उलट्या झाल्या किंवा जेवण सोडलं तर कॅल्शियम वर गेलं असं धरून त्याच दिवशी रक्त तपासा. तोंड घासलं तर खाली आलं असं धरा. सगळं बंद झाल्यावरही दर काही महिन्यांनी कॅल्शियम बघत राहा, कारण थोड्या कुत्र्यांत पुढे दुसऱ्या ग्रंथीत गाठ येते.

पिल्लूपालक
माझंही लिहून टाकतो. पिल्लू आता उभं राहताना रडत नाही. नवीन एक्स-रेमध्ये हाडं स्पष्ट दिसू लागलीयेत. अजून जिने बंद आहेत, पण दारापर्यंत स्वतः चालत येतं.

रानवाट
आमच्या श्नाउझरचं परवाचं कॅल्शियम ८.७. डोस तोच ठेवलाय. ओलीमातीताई, चिंगीचे पुढचे आकडे इथेच टाकत जा, डोस उतरवताना आम्हा सगळ्यांना उपयोग होईल.